आधी हात बघा, मग मुखवटा

सुट्ट्या लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी बऱ्याच पत्रांत एकच विषय होता, सुपरहिरोंच्या कॉमिक्स. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून मी कॉमिक्स वाचतोय आणि आजही तितक्याच ओढीने वाचतो. त्यामुळे हा महिना याच पत्रांना दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. सगळे सुपरहिरो सिनेमे पाहून झाले, आता मूळ कॉमिक्स वाचायच्या म्हणतो. शोधायला बसले तर एकट्या बॅटमॅनचेच हजारो अंक निघाले! पहिल्या अंकापासून सुरुवात करायची का? (एक आई, मांजलपूर, बडोदा)

नाही, पहिल्या अंकापासून मुळीच नको. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27व्या अंकात. त्या अंकावर मे 1939 अशी तारीख आहे. तेव्हापासून त्याच्या गोष्टी अखंड निघताहेत. पहिल्यापासून सुरू केलं तर मुलगा कॉलेज संपवेल तरी निम्म्यापर्यंतही पोचणार नाही, आणि तशी गरजही नाही.

आपल्याकडची कीर्तनं आठवा. भक्त प्रल्हादाचं आख्यान आपल्याला पाठ असतं, तरी आपण ऐकायला जातो. जाताना विचारतो काय? "आज बुवा कोण आहेत?" आख्यान तेच असतं, रंग चढतो तो बुवांमुळे. सुपरहिरोंचं अगदी असंच आहे. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन ही आख्यानं आहेत. दर काही वर्षांनी नवा लेखक आणि नवा चित्रकार उभा राहतो आणि आपल्या परीने ते लावतो. कुणाचं उंच जातं, कुणाचं पडतं. म्हणून मुलाला एकच सवय लावा. पात्राच्या नावाआधी पहिल्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ वाचायची : लेखन कुणाचं, चित्रं कुणाची. एखादी गोष्ट आवडली की त्याच दोघांचं दुसरं काम शोधायचं. पात्राचा माग काढणारा वाचक लवकर दमतो. हाताचा माग काढणाऱ्याला पुढची वाट सापडत जाते.

ही ओळ वाचण्यात न्यायाचाही भाग आहे. बॅटमॅन म्हणजे बॉब केन, असंच जगाला कित्येक वर्षं माहीत होतं. प्रत्यक्षात त्याची काळी टोपरी, त्याचा झगा, त्याचं दुःख, त्याचं गॉथम शहर यांत बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा होता. फिंगर 1974 साली वारले. त्यांचं नाव बॅटमॅनच्या जनकांत अधिकृतपणे लागलं 2015 साली. सुपरमॅनची कथा आणखी बोचरी आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये तो 130 डॉलरना विकला. पुढे त्यांचं नावही काढून टाकण्यात आलं. शेवटी 1975 साली लोकांनी आवाज उठवला तेव्हा म्हातारपणी त्यांना वार्षिक पेन्शन मिळाली आणि नाव परत छापलं जाऊ लागलं. ज्यांनी दुसऱ्यांना न्याय मिळवून देणारा नायक जन्माला घातला, त्यांनाच न्यायासाठी इतकं थांबावं लागलं. आपल्या मुलांनी ती ओळ वाचली, तर त्या हातांचं थोडं ऋण फिटेल.

प्रश्न : आमच्या लहानपणी 'इंद्रजाल'चा वेताळ म्हणजे जीव की प्राण होता. आता नातवंडं म्हणतात, तो मुळात परदेशी होता. मग त्याला वेताळ हे नाव कसं पडलं? (एक आजोबा, दांडिया बाजार)

नातवंडांचं बरोबर आहे, आजोबा. पण तुमचं प्रेमही खोटं नाही.

मूळ पात्राचं नाव फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकाने ते लिहिलं, रे मूर यांनी सुरुवातीला चित्रं काढली, आणि 17 फेब्रुवारी 1936 पासून ते वर्तमानपत्रांत पट्टीच्या रूपाने येऊ लागलं. मॅन्ड्रेक जादूगारही फॉक यांचाच, तो दोन वर्षं आधीचा. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. पहिले दहाच्या दहा अंक वेताळाचे होते. मूळ गोष्टीतलं 'बेंगाली' हे जंगल भारतातल्या वाचकाला खटकू नये म्हणून त्याचं 'डेंकाली' झालं. चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' होतं, तेही बदललं.

आणि वेताळ हे नाव! मला तर ते मूळ नावापेक्षा सरस वाटतं. फॉक यांचा नायक अमर आहे असं जंगलातल्या लोकांना वाटतं, कारण चारशे वर्षं तोच मुखवटा, तीच अंगठी आणि तोच घोडेस्वार त्यांना दिसत आलाय. खरं म्हणजे बापाचं व्रत मुलगा उचलतो, असे एकवीस जण झाले. आता कोकण-गोव्यातला आपला वेताळ आठवा. तो गावाचा राखणदार. रात्री गावाच्या शिवेवर फेरी घालतो अशी श्रद्धा. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. रात्री जागून दुसऱ्यांची राखण करणारा, ज्याला कुणी पाहिलेलं नाही पण ज्याचा धाक सगळ्यांना आहे, असा एक जण आपल्या मातीत आधीच होता. त्याचं नाव त्या परदेशी मुखवट्याला मिळालं आणि तो आपल्या घरात आला.

एक गोष्ट मात्र नातवंडांना मोकळेपणाने सांगा. एका गोऱ्या माणसाने काळ्या लोकांच्या जंगलाचं रक्षण करायचं आणि त्यांनी त्याला देव मानायचं, ही त्या गोष्टीतली जुन्या साम्राज्यशाहीची खोड आहे. ती ओळखूनही वेताळ वाचता येतो. मी तसाच वाचतो.

'इंद्रजाल'मध्येच याला एक देशी उत्तर उभं राहिलं. 1976 साली आबिद सुरती यांनी 'बहादूर' निर्माण केला आणि त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली. सुरती हे आपल्या गुजरातचे, सौराष्ट्रातले. 'धर्मयुग'मधले ढब्बूजीही त्यांचेच. बहादूर हा डाकूचा मुलगा. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स, मुखवटा नाही, आणि गावातल्या लोकांनाच हाताशी धरून तो नागरिक सुरक्षा दल उभं करतो. लोकांनी स्वतःची राखण स्वतः करायची, हा विचार त्या काळच्या मुलांच्या कॉमिक्समध्ये आला याचं मला आजही अप्रूप वाटतं. 1990 साली 'इंद्रजाल' बंद पडलं तेव्हा मी अक्षरशः हळहळलो होतो.

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. रावपुऱ्यात एका छोट्या दुकानात कॉमिक्स भाड्याने मिळायच्या, दिवसाला चार आणे. मी मराठी 'इंद्रजाल' आणायचो, शेजारचा मित्र तोच अंक गुजरातीत. दोन्ही अंक ओट्यावर शेजारी शेजारी ठेवायचे. चित्र तेच, फुगा तोच, फक्त फुग्यातली अक्षरं वेगळी. मराठी फुग्यात 'थांब' असेल तर गुजराती फुग्यातलं 'ઊભો રહે'सारखं जे काही असेल ते बोट ठेवून लावायचं. गुजराती लिपीवर वरची रेघ नसते, हे मला शाळेआधी त्या ओट्यावर कळलं. गुजराती वाचायला मला वेताळाने शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल.

प्रश्न : भारतीय सुपरहिरो म्हणजे अमेरिकेची नक्कलच ना? आणि मराठी माणसाचा त्यात काय संबंध? (फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी, सयाजीगंज)

हा प्रश्न तू विचारलास याचा विशेष आनंद आहे, कारण उत्तर तुझ्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

राजमहालाच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात जा आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर थोडा वेळ थांब. सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं मुद्दाम करून घेतली होती. पुढे 1894 मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांचे ते देह, ते दागिने, ती वस्त्रांची चुणी घराघरांतल्या भिंतींवर पोचली. कॅलेंडरांनी ती शैली उचलली. 1967 साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली, तेव्हा तिच्या चित्रकारांच्या हातात हाच वारसा होता. गंमत म्हणजे पै आधी 'इंद्रजाल'च्या कामातही होते. 'अमर चित्र कथे'चा 'कृष्ण' काढला राम वाईरकरांनी. 'शिवाजी' या अंकाचं लेखन भा. रा. भागवतांचं, म्हणजे आपल्या फास्टर फेणेच्या जनकाचं, आणि चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची.

आता हेच मुळीक नाव धरून पुढे चल. 1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला. हिरवं खवल्यांचं अंग, मनगटातून सुटणारे साप, शरीरात वास करणारे असंख्य नाग. हिंदी पट्ट्यातल्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. सुरुवातीचे काही अंक चितारले संजय अष्टपुत्रे यांनी. त्यानंतर जवळपास दहा वर्षं नागराजला रूप दिलं ते प्रताप मुळीकांनी, सोबत चंदू. राज कॉमिक्सच्याच, पुराणकाळात घडणाऱ्या भोकालची चित्रं दिलीप कदमांच्या स्टुडिओतली. शाईकाम करणाऱ्यांत विठ्ठल कांबळे हे नाव सापडतं. ही यादी मोठ्याने वाचून बघ : मुळीक, अष्टपुत्रे, कदम, कांबळे. हिंदी बोलणाऱ्या त्या नायकांची बोटं मराठी होती.

मुळीकांचा नागराज नीट पाहा. दंड-छाती अमेरिकन नायकासारखी फुगवलेली नाही. उभं राहण्याची ढब आपल्या पुराणपुरुषांची आहे, एक पाय किंचित पुढे, मान ताठ, चेहरा शांत. ज्या हाताने 'अमर चित्र कथे'त राम काढला, त्याच हाताने नागराज काढला, हे रेघेरेघेत दिसतं. कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण ज्यांनी लहानपणापासून भिंतीवर पाहिला, त्यांना साप अंगावर बाळगणारा नायक परका वाटेलच कसा? विषारी शक्ती ताब्यात ठेवून ती लोकांच्या कामी लावणं ही आपली जुनी कल्पना आहे. नीलकंठाची कथा आणखी कसली आहे?

नक्कल झाली हेही खरं. राज कॉमिक्समधल्या काही पात्रांत अमेरिकन मूळ सहज ओळखू येतं. पण अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव, जो 1987 मध्ये आला, तो बघ. त्याच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला मुलगा, विज्ञान आणि हजरजबाबीपणा एवढ्या भांडवलावर लढतो. आणि मुंबईत वावरणारा डोगा त्या शहराचा राग घेऊन येतो. हे नायक आपल्या रस्त्यांवरचेच आहेत.

तुझ्यासाठी एक काम सुचवतो. रविवर्म्याचं एक चित्र, 'अमर चित्र कथे'तलं एक पान आणि मुळीकांच्या नागराजचं एक पान शेजारी ठेव. हातांची आणि पायांची ठेवण उतरवून काढ. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेलं मला वाचायला आवडेल. ते तू लिही.

प्रश्न : सुपरमॅन चड्डी पँटच्या वर का घालतो? (वय वर्षे दहा, कारेलीबाग)

बाळा, फार छान प्रश्न. हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

सुपरमॅन तयार झाला तेव्हा ताकदवान माणूस कसा दिसतो, हे लोकांनी कुठे पाहिलं होतं? सर्कशीत आणि कुस्तीच्या फडात. तिथले पहिलवान अंगाला चिकटून बसणारे कपडे घालायचे आणि त्यावर लंगोटासारखी आखूड चड्डी. ती पाहिली की लोक ओळखायचे, हा बलवान माणूस. चित्रकारांनी तेच उचललं. तू जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करणाऱ्या मुलांना पाहिलंस तर तुला कळेल, अंग पूर्ण दिसलं तरच त्याची चपळाई दिसते. आपल्याकडेही सर्कशीचं वेड जुनं आहे. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली आपली सर्कस उभी केली, आणि पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-सिंहांना खेळवत थेट अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत गेले.

आणखी एक कारण रंगांचं आहे. तेव्हा स्वस्त कागदावर मोजक्या चार शाया वापरून छापत. अंगाला निळा, वर लाल चड्डी आणि पिवळा पट्टा असला की लांबूनही आकृती तुकड्यातुकड्यांत ठळक उठून दिसायची. 2011 साली सुपरमॅनची चड्डी काढून टाकली होती. लोकांना चुकल्यासारखं वाटत राहिलं. 2018 मध्ये 'अॅक्शन कॉमिक्स'चा हजारावा अंक निघाला तेव्हा ती परत आली.

प्रश्न : चित्रांची पुस्तकं वाचून मुलांची वाचनाची सवय बिघडते, असं आमच्या शाळेत अनेकांना वाटतं. तुमचं मत? (एक शिक्षिका, वाडी)

माझं मत नेमकं उलट आहे, आणि त्यासाठी आपल्याच शहराचा दाखला आहे. 1910 साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदा राज्यात मोफत वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं. पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव जायची. त्याच खात्यात चित्रं दाखवून शिकवणारी वेगळी शाखा होती. ज्याला अजून अक्षर येत नाही, त्याला आधी चित्र दाखवा, ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे होती. चित्र हे वाचनाचं दार आहे, असं मानणारं हे शहर आहे.

शिवाय कॉमिक्स वाचणं हे सोपं काम नाही. एक उदाहरण देतो. फेब्रुवारी 1966 ची तारीख असलेला 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा 33वा अंक. संवादांवर स्टॅन ली, कथानकावर आणि चित्रांवर स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅन टनावारी वजनाच्या यंत्राखाली चिरडला गेलाय. छतातून पाणी गळतंय, वाढत चाललंय. समोर, हात पोचणार नाही एवढ्याच अंतरावर, एक छोटं नळकांडं पडलंय. त्यात त्याच्या मे काकूला वाचवणारं औषध आहे. बस, एवढंच. तो उठतो. पण डिटको ते उठणं एका चित्रात दाखवत नाही. पानामागून पान तो त्या देहाजवळ राहतो. आधी चौकटी लहान, दाटीच्या, श्वास कोंडणाऱ्या. तो जसजसा इंच-इंच वर येतो तसतशा चौकटी मोठ्या होतात, आणि शेवटी एक अख्खं पान : यंत्र डोक्यावर उचललेला तो उभा.

मुलांसमोर ही पानं ठेवा आणि विचारा, चौकटी का वाढल्या असतील? दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या जागेत काय घडलं, जे काढलेलंच नाही? ते उत्तर मूल स्वतः रचतं. कवितेच्या दोन ओळींमध्ये जे न लिहिलेलं असतं, ते वाचायची तयारी इथूनच होते. माझी तरी इथेच झाली.

कॉमिक्समधल्या हिंसेची काळजी कुणाला वाटत असेल, तर ती मात्र रास्त आहे. डोगासारखी पात्रं लहान मुलांसाठी नाहीत. मोठ्या माणसांनी आधी चाळून मगच हातात द्यावीत. बंदी घालण्यापेक्षा सोबत बसून वाचणं केव्हाही बरं.

प्रश्न : आता नेमकी यादी द्या. कुणी काय वाचावं? (बऱ्याच पत्रांतला समान प्रश्न)

माझी यादी आवडीची आहे आणि मुद्दाम लहान ठेवली आहे. प्रत्येक गोष्ट स्वतःत पूर्ण आहे, मागचं पुढचं माहीत असायची गरज नाही.

आठ ते अकरा वर्षं : सुरुवात 'अमर चित्र कथा' आणि 'टिंकल'ने. वाईरकरांचा सुप्पांडी आणि वसंत हळबे यांनी चितारलेला शिकारी शंभू यांना शक्ती नाही, पण चित्र वाचायचा सराव यांच्याइतका हसत-खेळत कुणी करून देत नाही. प्राण यांचा चाचा चौधरी हाही मोठा आधार. पगडीवाला म्हातारा बुद्धीने लढतो आणि ताकदीसाठी साबू आहे, ही जोडी मुलांना लगेच कळते.

बारा ते पंधरा : ध्रुवचे सुरुवातीचे अंक आणि मुळीकांच्या काळातला नागराज, हिंदीतच वाचावेत. इंग्रजी जमत असेल तर ली-डिटको जोडीचा स्पायडरमॅन, 1962 पासूनचा. त्यासोबत जीन लुएन यांग यांनी लिहिलेलं 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'. शहरात नव्याने राहायला आलेल्या एका चिनी कुटुंबाला वर्णद्वेषी टोळी छळते, त्याची ही गोष्ट. त्या कुटुंबाची मुलगी आणि सुपरमॅन दोघांनाही एकच प्रश्न पडलेला असतो : मी इथला आहे का?

हे पुस्तक मी बडोद्याच्या मराठी मुलांना आवर्जून देतो. सुपरमॅन हा मुळात विस्थापित. घरचं नाव वेगळं, बाहेरचं वेगळं. त्याला जन्म देणारी दोन मुलंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली. आपण गायकवाडांच्या फौजेबरोबर आलो त्याला पिढ्या लोटल्या. तरी घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, अशी दोन रूपं आपण रोज सहज घालतो-काढतो. दोन्ही खरी असतात. क्लार्क केंटचं मन आपल्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मुलींसाठी, आणि मुलांनीही वाचावं असं : 2014 साली सुरू झालेली 'मिस मार्व्हल'. जी. विलो विल्सन यांचं लेखन, एड्रियन अल्फोना यांची चित्रं. कमला खान ही पाकिस्तानी वंशाची, न्यू जर्सीत वाढणारी मुलगी. आईची शिस्त, घरचं जेवण, मशिदीतले वर्ग आणि मध्येच मिळालेली शक्ती. ती घरी उशिरा येते तेव्हा आई-वडील जे बोलतात, ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात बोललं जातं.

अठराच्या पुढे : अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' (1986-87). मुखवटा घालणाऱ्यावर अंकुश कुणाचा, हा प्रश्न ते शेवटपर्यंत सोडत नाही. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचं 'बॅटमॅन : इयर वन'. आणि मन थकलं असेल तेव्हा ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांचं बारा अंकांचं 'ऑल-स्टार सुपरमॅन'. सुपरमॅनला कळतं की आपल्याजवळ थोडे दिवस उरलेत, आणि ते तो कसे घालवतो, एवढीच गोष्ट. मी ते आजवर सहा-सात वेळा वाचलंय.

जुने 'इंद्रजाल' अंक आता संग्राहकांकडे महाग मिळतात. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा, आणि त्याआधी आपल्याच माळ्यावरच्या पेट्या उघडून बघा. मराठीत नवे सुपरहिरो फारसे नाहीत याची मला खंत आहे. बाबूराव अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार एकेकाळी गावागावांत वाचले जायचे. ज्या भाषेने असे नायक घडवले आणि ज्या भाषेच्या चित्रकारांनी नागराज घडवला, त्या दोघांची गाठ पडायला हवी.

प्रश्न : आपलं वडोदरा एखाद्या कॉमिक्समध्ये आहे का? (बाबाजीपुऱ्यातून)

आहे, आणि ते पुस्तक माझ्या कपाटात सगळ्या सुपरहिरोंच्या वरच्या फळीवर आहे. 'भीमायन', 2011 साली नवयान प्रकाशनाने काढलेलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे.

त्यातला एक भाग आपल्या शहरात घडतो. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून आले आणि गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीची अट पाळायला इथे नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला घर मिळेना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा माणसं काठ्या घेऊन जिन्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

व्याम दांपत्याने या गोष्टीला चौकटीत कोंबायला नकार दिला. त्यांच्या पानांवर सरळ रेघांच्या चौकटीच नाहीत. गोंड भिंतीवरची नक्षी वळत वळत प्रसंग वेगळे करते. आणि बोलण्याचे फुगे पाहा. निरुपद्रवी, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. ज्या बोलण्यात जातीचं विष आहे, त्या फुग्याला विंचवाची नांगी. मूल अक्षर वाचायच्या आधी ओळखतं, कुणाचं बोलणं डसणारं आहे.

या गोष्टीत मुखवटा एकच आहे, ते खोटं पारशी नाव, आणि तो घालावा लागला कारण खऱ्या नावाला या शहरात छप्पर नव्हतं. अमेरिकन नायक दुसऱ्यांना वाचवायला नाव लपवतो. इथे एका माणसाला नुसतं राहायला नाव लपवावं लागलं, आणि पुढे त्याने करोडो लोकांना आपलं खरं नाव ताठ मानेनं सांगायला शिकवलं.

तेव्हा पत्र पाठवणाऱ्या सगळ्यांना माझं एक सांगणं आहे. 'भीमायन' घ्या आणि मुलांना घेऊन एखाद्या संध्याकाळी कमाटीबागेत जा. लोक आज जिथे संकल्पभूमी म्हणून हात जोडतात, तिथे सावलीत बसा आणि तो भाग मोठ्याने वाचा. वाचायला सुरुवात करण्याआधी मुलांना पहिल्या पानावरची नावं वाचायला सांगा. दुर्गाबाई व्याम, सुभाष व्याम. मग पान उलटा.